बजेटमधली राय व्हिस्की: नुसती प्यायला आणि कॉकटेललाही चालेल अशी एकच बाटली कोणती?

द्राक्षनगरीकर

मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण सगळा वाचा. मेव्हणा न्यू जर्सीला असतो, दिवाळीला नाशिकला येतोय, काय आणू म्हणून विचारतोय. दरवेळी चॉकलेटं आणि बदाम येतात आणि ते सोसायटीत वाटून संपवावे लागतात, तर यावेळी म्हटलं सरळ राय व्हिस्की सांगू (राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य असतं ते). बजेट २५ ते ३० डॉलर, त्याच्या वर सांगायला मलाच लाज वाटेल, शेवटी बायकोचा भाऊ आहे.

माझं पिणं म्हणाल तर शनिवारचं, एखाददुसरा पेग, इंद्री नाहीतर पॉल जॉन ह्या देशी माल्ट व्हिस्की, पाण्याचे चार थेंब घालून, सोडाबिडा नाही. हल्ली कॉकटेलचा नाद लागलाय. गंगापूर रोडला एका ठिकाणी मॅनहॅटन मागवलं तर इतकं गोड आलं की अर्धं ठेवून उठलो, विचारलं तर म्हणे बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) घातलीये, राय नसते आमच्याकडे. तेव्हापासून डोक्यात बसलंय की राय घालून ते कसं लागतं ते बघायचंच.

कॉलेज रोडला आणि मुंबई नाक्याला दुकानांत विचारून आलो. बर्बन दिसते, पण राय म्हटलं की काउंटरवरचा पोरगा "रॉयल स्टॅग का साहेब?" म्हणतो. तर एकच बाटली अशी सांगा जी नुसतीही पिता येईल आणि मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड ह्या कॉकटेलनाही चालेल. आणि चवीचं पण कोणीतरी नीट सांगा ना, नेटवर बघावं तिथं "स्पायसी" एवढंच लिहिलेलं असतं, अरे पण आपली मिसळ पण स्पायसीच असते.

---

कॉर्क_काढणे

डोळे झाकून रिटनहाउस राय सांगा. लेबलवर "बॉटल्ड इन बॉन्ड" लिहिलेलं असतं, ते बघून घ्यायला सांगा मेव्हण्याला. तिकडं साधारण तुमच्या बजेटातच मिळते.

आता का ते सांगतो. अमेरिकेत राय म्हणून विकायला धान्यात किमान ५१ टक्के राय लागतं, जसं बर्बनला ५१ टक्के मका. दोन्ही नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या पिंपात मुरवावी लागतात, त्यामुळे व्हॅनिला, कॅरमेल हे दोन्हीत येणारच, ते लाकडाचं देणं आहे. फरक सगळा धान्याचा. मका गोड आणि गुळगुळीत, राय कोरडी. स्पायसी म्हणजे तिखट नाही हो, मिरचीचा जाळ तर अजिबात नाही. काळी मिरी दाताखाली आल्यावर जिभेच्या कडांना जे होतं ना ते, मागोमाग लवंग दालचिनी, संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, कधी शहाजिऱ्याचा वास, आणि घोट गेला की तोंड कोरडं पडतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तुमचं ते गोडमिट्ट मॅनहॅटन ह्या कोरडेपणामुळेच ताळ्यावर येतं, त्यातली वर्मुथ (काड्यामुळ्या घातलेली वाइन) गोड, व्हिस्की पण गोड म्हटल्यावर दुसरं काय होणार.

रिटनहाउसमध्ये राय कायद्यापुरतीच आहे, ५१ टक्क्यांच्या आसपास, बाकी बराचसा मका. म्हणून नवीन माणसाला ती नुसती प्यायला सोपी जाते, गोडवा आहे आणि मिरी पण आहे. नाव फिलाडेल्फियातल्या चौकाचं, बनते मात्र केंटकीत, हेवन हिलकडे.

आणि बॉन्डचं काय आहे तर १८९७ सालचा कायदा आहे त्यांचा, त्या काळी तिकडं रंग-अर्क घालून कसलंही स्पिरिट व्हिस्की म्हणून खपवायचे म्हणून केलेला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात काढलेली, सरकारी देखरेखीतल्या गोदामात कमीत कमी ४ वर्षं मुरलेली, आणि बरोब्बर ५० टक्के अल्कोहोलला भरलेली. ह्या ५० टक्क्यांवरच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मॅनहॅटन ढवळताना बर्फाचं पाणी सुटतं, ६० मिली व्हिस्की आणि ३० मिली वर्मुथला साधारण २५ मिली धरा. व्हिस्की ४० टक्क्यांची असेल तर ग्लासात शेवटी २५ टक्क्यांच्या आसपास उरतं, ५० ची असेल तर ३० च्या. ऐकायला किरकोळ वाटतं पण प्यायल्यावर पहिल्यात नुसतं वर्मुथ लागतं आणि दुसऱ्यात व्हिस्की लागते.

नुसती प्यायला ५० टक्के जड वाटेल, तर मग ३० मिलीत चहाचा एक सपाट चमचा पाणी घाला, झाली ती ४३ टक्क्यांची. पाणी तुम्ही घालू शकता, काढू शकत नाही, म्हणून दोन्ही कामांना एकच बाटली घ्यायची तर जोरकस घ्यावी हे माझं मत.

मी दिंडोरीकडे एका वायनरीत टेस्टिंग रूमला होतो काही वर्षं, तिथे लोकांना ग्लासात नाक खुपसायची सवय लागते. व्हिस्कीला तसं केलंत तर फक्त स्पिरिटचा भपका बसेल आणि पुढची दहा मिनिटं काही कळणार नाही. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू वर आणा. व्हिस्की चाखायचा ग्लेनकेर्न ग्लास नसेल तर छोटा वाइन ग्लास घ्या, तोंडाशी निमुळता असला की झालं. ओतल्यावर पाचदहा मिनिटं तशीच ठेवा.

---

कॅनडा_कॉर्नर_शेजारी

कॉर्कभाऊंनी सगळं सांगितलंच आहे, माझी एकच भर. पत्ता आमचा नाशिकच्या कॅनडा कॉर्नरचा असल्यामुळे बोलायचा हक्क आहे 😄 मेव्हण्याला "कॅनेडियन राय" आणू देऊ नका. कॅनडाच्या नियमात कॅनेडियन व्हिस्की आणि कॅनेडियन राय व्हिस्की हे एकच, राय किती असावं याला किमान आकडाच नाही, बाटलीत बरीचशी मक्याची असू शकते. वाईट असते असं नाही, मऊ असते, सोड्याबरोबर छान जाते. पण तुम्हाला जे शोधायचंय ते त्यात सापडेलच असं नाही. लेबलवर "स्ट्रेट राय व्हिस्की" हे शब्द हवेत. स्ट्रेट म्हणजे किमान २ वर्षं मुरलेली आणि वरून रंग नाही, फ्लेवर नाही. अजून एक, ४ वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय छापावंच लागतं त्यांना, त्यामुळे स्ट्रेट लिहिलंय आणि वय कुठेच नाही म्हणजे ४ किंवा जास्त असं समजायचं. दुकानात उभं राहून एवढं बघितलं तरी पुष्कळ.

---

शेपू_आवडते_मला

रिटनहाउसला माझा विरोध नाही पण कॉर्कदादा, ती बर्बनची चुलत बहीण आहे हो. ज्याला राय म्हणजे काय ते बघायचंच आहे त्याने ५१ टक्केवाली कशाला घ्यावी?

मी बुलेट राय सुचवेन, हिरव्या लेबलची, ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड बार्ली (मोड आणलेलं जव), ४५ टक्के अल्कोहोल. ती काढली जाते इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या डिस्टिलरीत, आणि तिथलीच ९५ टक्केवाली राय वेगवेगळ्या नावांनी कितीतरी कंपन्या विकतात, म्हणून बाटलीच्या मागे "डिस्टिल्ड इन इंडियाना" दिसलं की चव साधारण कुठे जाणार ते कळतं. नाकाशी नेली की पहिल्यांदा शेपू. खरंच, निवडलेल्या ताज्या शेपूचा वास, मग पुदिना, मग लिंबाची साल. व्हॅनिला येतो पण मागून येतो. माझ्या घरी दोन पार्ट्या पडल्या, मला आणि वहिनीला भयंकर आवडली, नवऱ्याने एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला, त्याला शेपूची भाजी पण चालत नाही. तेव्हा द्राक्षनगरीकर, आधी स्वतःला विचारा शेपू खाता का 😀

तुम्ही इंद्री-पॉल जॉन पिता म्हणजे बार्लीच्या माल्टचा गोडपणा आणि फळं जिभेला माहितीयेत. राय त्यांच्यापेक्षा बारीक, अणकुचीदार लागेल, अंगाने हलकी. पहिल्या घोटावर मत बनवू नका, पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हायला असतो.

आणि चाखताना समोर चिवडा ठेवू नका प्लीज. नाशिकचा चिवडा एकदा तोंडात गेला की मिरी कुठली आणि लवंग कुठली, सगळं मसाल्यातच जातं. खारे शेंगदाणे, नाहीतर साधं चीज. चिवडा नंतर, कॉकटेलबरोबर, हवा तेवढा.

---

द्राक्षनगरीकर

शेपू खातो, मुगाची डाळ घालून केलेली असेल तर मागून घेतो. पण मॅनहॅटनला कुठली बरी ते सांगा ना ताई, मला दोन्ही कामं करायचीत.

आणि मॅनहॅटनला लागणारं वर्मुथ, बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क), ती लाल चेरी हे सगळं नाशिकात कुठून जमवायचं? चेरी म्हणून केकवरची मिळते ती चालेल का? बंगळुरूच्या अमृतची पण राय आहे म्हणतात, ती का नको? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बर्बन स्वस्त होणार अशी बातमी होती ना, मग राय इथेच स्वस्तात नाही का मिळणार?

---

बर्फाचा_खडा

केकवरची चेरी घातलीत तर मी स्वतः इंदिरानगरला येऊन ग्लास ओतून देईन.

सीझनला काळी द्राक्षं घ्या, शरद सीडलेस किंवा जम्बो, घट्ट बघून. धुवून पूर्ण कोरडी करा, प्रत्येकाला दाभणाने एकदोन भोकं पाडा आणि छोट्या काचेच्या बरणीत घालून वर ब्रँडी भरा, एक लवंग आणि चमचाभर साखर. फ्रिजमध्ये आठवडाभर राहू द्या. दिवाळीत द्राक्षं कुठली मिळायला, तेव्हा काळे मनुके घ्या, तेही आपल्याकडचेच, रात्रभरात फुगतात आणि चेरीपेक्षा भारी लागतात. उरलेली ब्रँडी फेकू नका, ओल्ड फॅशन्डमध्ये साखरेऐवजी चमचाभर जाते.

गोड लाल वर्मुथ मोठ्या दुकानांत सांगून ठेवलं तर मागवून देतात, नाहीतर मुंबई-पुण्याहून कोणी येत असेल त्याच्या गळ्यात मारा. एक लक्षात ठेवा, वर्मुथ म्हणजे शेवटी वाइन आहे, वरून थोडं स्पिरिट आणि काड्यामुळ्या घातलेली, १५-१६ टक्क्यांची. बूच उघडलं की फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. नाशिकात अर्ध्या लोकांना वाइन कशी ठेवायची ते शिकवावं लागत नाही पण तेच लोक वर्मुथ शोकेसमध्ये व्हिस्कीशेजारी उभी करून ठेवतात आणि मग म्हणतात मॅनहॅटन आंबट झालं. बारमध्ये पण बऱ्याचदा हेच चालतं, म्हणून ऑर्डर देण्याआधी वर्मुथ फ्रिजमधली आहे का विचारा, तोंड वाकडं करतील, करू द्या.

बिटर्स अँगोस्तुराची छोटी बाटली घ्या, ऑनलाइन मिळते, महाग वाटते पण दोनदोन झटक्यांनी वर्ष जातं.

मॅनहॅटन: राय ६० मिली, वर्मुथ ३०, बिटर्सचे दोन झटके, मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ घालून २५-३० सेकंद ढवळायचं, शेक करायचं नाही, शेक केलं की हवा आत जाऊन गढूळ होतं. गाळून गार केलेल्या ग्लासात. गाळणी चहाची चालते. ओल्ड फॅशन्डला ६० मिली राय, एक छोटा चमचा साखरेचा पाक, बिटर्स, मोठा बर्फाचा तुकडा आणि वर संत्र्याची साल पिळायची, साल पिळायची हं, रस नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, पीलरने नीट पट्टी निघत नाही, म्हणून मॉलमधलं जाड सालीचं इंपोर्टेड संत्रं घ्या आणि आतला पांढरा भाग सालीला येऊ देऊ नका. साल काचेवर दुमडून दाबली की तेलाचे बारीक थेंब उडताना उजेडात दिसतात, ते ड्रिंकच्या वर बसले पाहिजेत, नाक आधी तिथंच जातं.

बर्फ हे माझं आवडतं प्रकरण आहे. फ्रिजच्या ट्रेमधले छोटे तुकडे नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये दोन मिनिटांत पाणी होतात. छोटा थर्माकोलचा डबा घ्या, झाकण काढून पाणी भरून डीप फ्रीजमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून लागते त्यामुळे बर्फ वरून खाली धरत जातो आणि हवा, क्षार सगळं खाली ढकललं जातं. खालचं पाणी गोठायच्या आधी काढलंत तर वरचा ठोकळा काचेसारखा, सुरीने खाच पाडून लाटण्याने टोला दिला की सरळ तुटतो.

मॅनहॅटनला रिटनहाउस. ९५ टक्केवाली वर्मुथशी भांडते, शेपूताईंनी राग मानू नये. ती ओल्ड फॅशन्डला द्या किंवा व्हिस्की सावरला, लिंबाबरोबर तो हिरवा वास मस्त जमतो.

---

शेपू_आवडते_मला

राग नाही, मॅनहॅटनचं पटलं. नुसती पिण्याचं नाही पटलं.

---

पंचवटीतले_काका

पोरांनो, बाटलीची चर्चा झाली, आता ती घरापर्यंत यायची कशी ते बघा.

परदेशातून येणाऱ्या माणसाला २ लिटर दारू ड्युटीशिवाय आणता येते. तिकडच्या बाटल्या ७५० मिलीच्या, म्हणजे दोन आरामात बसतात, दीड लिटर. मग एकच कशाला मागता, मेव्हण्याने दुसरी आपल्या पैशाने आणली तर आणू दे! अमेरिकेतून निघताना चेक-इन बॅगेत सीलबंद बाटल्या चालतात, २४ ते ७० टक्क्यांमधली असेल तर माणशी ५ लिटरपर्यंत, तेव्हा ५० टक्केवालीला अडचण नाही. मोजे आणि स्वेटरमध्ये गुंडाळून मध्यभागी ठेवायला सांगा. हातातल्या बॅगेत नको, आणि उतरल्यावर पुढे देशातलं विमान पकडून आपल्या ओझर विमानतळावर येणार असेल तर ड्युटी फ्रीची पिशवी पण त्या विमानाला पुन्हा चेक-इनलाच टाकावी लागेल. टॅक्सीने कसाऱ्यावरून येणार असेल तर प्रश्न मिटला.

स्वस्ताईचं म्हणशील तर फेब्रुवारी २०२५ मध्ये आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं ते बर्बनचं. राय ही बर्बन नाही, त्या सवलतीत तिचं नाव नव्हतं. त्यात वरून राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. म्हणून दुकानदार राय ठेवत नाहीत, मागणारा एखादा, पैसे अडकवणार कोण. अमृतची राय उत्तम, शंभर टक्के रायच्या माल्टची, ४६ टक्के, पण तुझ्या बजेटात ती बसत नाही आणि ती कॉकटेलमध्ये ओतायची चीज पण नाही.

आणि दारू पिण्याचा परवाना काढून ठेव, वर्षाचा नाहीतर कायमचा. महाराष्ट्रात कायदा १९४९ चा आहे पण आहे. लोक हसतात, हसू देत.

जाता जाता, पंचवीस डॉलरच्याही खाली हवी असेल तर ओल्ड ओव्हरहोल्ट. १८१० पासूनचं नाव आहे, मूळची पेनसिल्व्हेनियाची, आता जिम बीम बर्बनवाल्यांकडे. तिचीही बॉन्डवाली मिळते. अंगाने रिटनहाउसपेक्षा बारीक, शेंगदाण्यासारखा कोरडा वास, शेवट लवकर आटोपतो. माझा मुलगा आणतो, मी थंडीत निफाडकडे पारा उतरला की कोमट पाण्यात घेतो, मध आणि दोन लवंगा घालून. तिला नुसती प्यायला मी सांगणार नाही, पण कॉकटेलला निःसंकोच.

---

द्राक्षनगरीकर

मंडळी, बाटली आली! रिटनहाउस. दुसरी आणली नाही, काका, म्हणतो आईने लोणच्याचे डबे न्यायला बॅगेत जागा ठेवायला सांगितली होती.

लक्ष्मीपूजन, पाडवा सगळं आटोपल्यावर काल रात्री गच्चीत बसलो. आधी नुसती. रंग चांगलाच गडद, तांबूस. कॉर्कभाऊंच्या सांगण्याप्रमाणे हनुवटीपाशी धरली तर पहिल्यांदा गुळाच्या पाकाचा वास आला, मग संत्र्याची साल, आणि एकदम लवंग. बिनपाण्याची पहिली चव जिभेला बसली चांगलीच, काही कळलं नाही. चमचाभर पाणी घातलं आणि मग मात्र ती मिरी दिसली, टोकाला नाही, कडांनाच, बरोबर सांगितलं होतंत. मागे थोडं कोकोसारखं कडवट राहतं ते मला फार आवडलं. शेपू शोधला, नाही मिळाला. मेव्हण्याला विचारलं तर त्याने बर्फ आणि कोक मागितला, तो विषय सोडा.

मग मॅनहॅटन, काळ्या मनुक्यांसकट. बायकोने पण घेतलं, ती एरवी व्हिस्कीच्या वासानेच उठते, तिने पूर्ण संपवलं. गंगापूर रोडवाल्यापेक्षा कितीतरी बरं पण मला अजूनही किंचित गोड वाटलं, ते का?

---

बर्फाचा_खडा

मनुके पाकातले घातले असतील ना? ते निथळून घ्या. आणि वर्मुथ ३० ऐवजी २० करा, बिटर्सचा एक झटका वाढवा. तरी गोड वाटलं तर गोड आणि कोरडी वर्मुथ निम्मी निम्मी, १५-१५, त्याला परफेक्ट मॅनहॅटन म्हणतात, त्यात मनुक्याऐवजी लिंबाची साल. पण त्यासाठी दुसरी वर्मुथ उघडावी लागेल आणि ती पण महिन्या-दोन महिन्यांत संपवावी लागेल, तेव्हा आधी २० करून बघा.

---

कॉर्क_काढणे

+१. आणि बाटली अर्ध्याखाली गेली की छोट्या बाटलीत काढून ठेवा, वर हवा जास्त राहिली की महिन्यांनी ती लवंग आधी जाते.

---

पंचवटीतले_काका

अर्ध्याखाली गेल्यावर महिने राहणार आहे का ती?